खांद्यावर टॉवेल, बेल्हे ते घोडेगाव

बेल्ह्यावरनं घोडेगावला जायचं तर एष्टी हाय, वडाप हाय, कुणाच्या टेम्पोत मागं बैलाशेजारी उभं राह्यची सोय हाय. मी ह्या सगळ्यानं गेलोय. एकदा मात्र पळत गेलो. त्याला आता बरीच वर्षं झाली. मोबाईल अजून आमच्याकडं यायचे व्हते तवाची गोष्ट. तरी बी कोणी भेटला की पयलं त्येच विचारतो, आन मी सांगाया लागलो की हसाया लागतो. हसा. पण शेवटपत्तुर ऐका, कारण ज्याच्यासाठी पळालो तो माणूस हसण्यावारी न्यायचा न्हाई.

मला लिवता येत न्हाई. शाळेत दोन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी मास्तरांची म्हैस हरवली, ती हुडकायला मलाच धाडलं. म्हैस घावली, आन मी जनावरांतच राह्यलो. बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली करतो. ह्ये सगळं मी बोलतोय आन वारूळवाडीचे आमचे दाजी लिहून घेत्यात. मधीच कुठं शुद्ध वाटलं तर ती चूक दाजींची.

नारायणगाव

सुरुवात चहापासनं झाली. सदाशेठला नारायणगावात काम व्हतं. सदाशेठ म्हंजी आमच्या बाजारातला बडा व्यापारी, जिभेनं तिखट, पण सौद्याला पक्का. मी त्याच्या फटफटीवर मागं बसून गेलो. त्याचं काम व्हईपत्तुर काय करायचं? एका हॉलात सभा चालली व्हती आन दारात चहाची किटली दिसली. आत जाऊन बसलो.

पुढं एक वकीलबाई बोलत व्हत्या. पुण्याच्या, अंगानं बारीक, आवाज मात्र ठाम. त्यांची संस्था मानवी हक्काची. मला वाटलं, माणसाला हक्क असत्यात ह्ये मला आजवर कोणी सांगितलं कसं न्हाई! बैलाचं ठावं व्हतं. पाणी, चारा, सावली. त्येवढं द्यायला लागतं, न्हाईतर बैल बसतो.

बाईंच्या बाजूला वरच्या डोंगरातली एक बाई खुर्चीच्या कडंला टेकली व्हती, जणू खुर्ची दुसऱ्याची हाय आन मालक कवाबी येईल. हौसाबाई तिचं नाव. तिचा नवरा कोंडीबा तुरुंगात व्हता. त्यानं घाटाखालच्या एका बाजारात बैल घेतला. बैल निघाला चोरीचा. पोलिसांनी विचारलं, कोणाकडनं घेतला? त्यानं माणूस दाखवला. तो माणूस म्हनला, मी ह्याला कधी बघितलाबी न्हाई. पावती न्हाई, साक्षीदार न्हाई. जामीन राह्यला कोणी न्हाई, वकील द्यायला पैसा न्हाई. केस काही उभी राहीना आन कोंडीबा दुसरं वर्ष आत.

"साक्षीदार कसा न्हाई?" मागनं कोणीतरी विचारलं. "भर बाजारात घेतला ना?"

वकीलबाई म्हणल्या, "सौदा टॉवेलाखाली झाला होता."

तुमच्यात कोणी बैलबाजार बघितला नसंल तर सांगतो. आमच्यात भाव तोंडानं बोलत न्हाईत. दलालाच्या खांद्यावर टॉवेल असतो. तो दोघांच्या हातांवर टाकायचा आन खाली बोटं दाबायची. किती बोटं दाबली त्येवढा आकडा. पटला तर हात सोडायचा, न्हाईतर पुन्हा दाबायची. वर दोघं पावसापाण्याचं बोलत असत्यात. खाली काय झालं ते त्या दोघांबिगर कोणाला कळत न्हाई, आन टॉवेलाखालचं भायेर काढायचं नसतं. माज्या बापानं त्येच केलं, मी त्येच करतो.

त्या हॉलात मला टॉवेल लई जड लागला. खांद्यावरनं काढून मांडीवर घेतला. तिथंबी जडच.

मग बाई म्हणल्या की अशा केसींसाठी संस्था पैसा उभा करती आहे. लांब पल्ल्याची दौड हाय, बेल्हे ते घोडेगाव. ज्यानं त्यानं आपल्या ओळखीच्यांकडनं देणगी कबूल करून घ्यायची, आन पळायचं. कोण पळंल?

तेवढ्यात किटलीवाला आत आला. मी हात वर केला, चहासाठी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हात खाली घ्यायचाच व्हता. पण हौसाबाईनं माज्याकडं बघितलं. हसली न्हाई, हात जोडले न्हाई. गिऱ्हाईक दावणीच्या बैलाकडं बघतं ना, ह्यो चालंल का येवढंच, तसं बघितलं. बैल म्हणून उभं राह्यची माजी ती पयली येळ. हात वरच राह्यला. चहाबी मिळाला न्हाई.

बेल्हे

बाकीच्यांनी देणगीचे कागद भरून आणले. मी कागदाचं काय करू? बाजाराच्या दिवशी टॉवेल घेऊन फिरलो. एकेका व्यापाऱ्याच्या हातावर टाकला, कोंडीबाची गोष्ट सांगितली, त्यानं बोटं दाबली. काहींनी लई दाबली, काहींनी गुदगुल्या केल्या. कोणी किती ते मी आजबी सांगणार न्हाई.

सदाशेठनं बोटं दाबली आन वर अट घातली. "बब्या, पळायचं. चाललास की सौदा मोडला. मी फटफटीवर मागं हाय."

ते ऐकून सगळेच म्हणाले, हां, आमचंबी त्येच.

"आरं, पन ह्यो पळंल व्हय?" एक जण म्हनला. "ह्याला मी चालतानाबी बघितला न्हाई. ह्यो नुसता टेकतो."

"दात बघा त्याचे. जुळलेला हाय. ह्या वयात शर्यतीला कोन लावतंय?"

सदाशेठनं खरंच माजी हनुवटी धरून दात बघितले. "बसका हाय," म्हनला, "पन मारका न्हाई. जाऊ द्या."

माघाचा महिना व्हता, सकाळी हातापायाला गारठा. पुण्याची पोरं आखूड चड्ड्या घालून उड्या मारत व्हती. मी धोतराचा काचा मारला. संस्थेनं सगळ्यांना बूट दिले व्हते, पांढरे, कापसावानी. मी नंबर सांगितला तो अंदाजानं, कारण माज्या पायाला नंबर हाय ह्येच मला ठावं नव्हतं. बूट आळेफाट्यापत्तुर टिकले. म्हंजी बूट टिकले, टाचा न्हाई टिकल्या. तिथं ते काढले, नाड्या बांधून गळ्यात अडकवले आन अनवाणी निघालो.

आळेफाट्यापत्तुरचा मुलूख आमच्या घरचाच. कांद्याचे वाफे, कोरडा वारा, लांबपत्तुर उघडं माळरान. तिथं मला लोक ओळखत व्हते, त्यामुळं लई वंगाळ झालं. जो तो हाक मारी, "बबनराव, कोन मागं लागलंय?" वळून बघितलं तर सदाशेठ, फटफटी पयल्या गियरमधी, गुरगुर करत. आन त्याच्यामागं वकीलबाईंची जीप. पुण्याची पोरं तवा कुठं असतील देव जाणे. मी शेवटचा व्हतो. माज्यामागं पळणारा असा एकच जीव, आळे गावचं एक कुत्रं, आन त्येबी मला गाठून पुढं गेलं.

वारूळवाडी

नारायणगाव टमाट्याच्या गाड्यांनी भरल्यालं. त्याला लागूनच वारूळवाडी, आन तिथं रस्त्याच्या कडंला माजी आक्का उभी. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. दारावरनं चाललोय आन आक्काच्या घरी पाय लावायचा न्हाई, असं आमच्याकडं व्हत न्हाई. सदाशेठला म्हणलं, ह्ये चालण्यात धरायचं न्हाई, ह्ये बसण्यात धर. त्यानं इचार केला. "बसायचं काही ठरलं नव्हतं," म्हनला, आन तोबी आत आला. वास आल्ता ना त्याला.

आक्कानं मासवड्या केल्या व्हत्या. तिळाचं, खोबऱ्याचं सारण, वर झणझणीत रस्सा, बाजरीची भाकर. वकीलबाई जीपमधनं उतरून दारात आल्या. "काका, नका खाऊ. पोटात गोळे येतील. अजून निम्मं राहिलंय."

आक्का म्हणाली, "बाई, तुमी शिकल्याल्या हाय. पन भाऊ दारावरनं उपाशी गेला तर मला रातीला झोप यायची न्हाई. तुमीबी बसा."

बाई बसल्या. खाल्लं त्यांनीबी. अशी दौड पळताना मधी मासवडी चापलेला माणूस दुसरा कोणी असंल तर मला त्याला भेटायचंय. भेटून ईचारायचंय, तुजं काय झालं?

म्हाळुंगे पडवळ

माजं काय झालं ते म्हाळुंगे पडवळला कळलं.

कळंबला महामार्ग सोडला तवा ऊन डोक्यावर आल्तं. रस्ता अरुंद, दोहीबाजूनं ऊस, डोंगर समोर सरकत सरकत मोठे व्हत चालल्याले. पयल्यांदा पोटात गोळा आला. मग तो मांडीत उतरला. मग पोटरीत. गावाच्या अलीकडं एका चिंचेखाली पाय असा आखडला की मी बसलो न्हाई, पडलोच.

शेतात एक म्हातारे बाबा पाणी भरत व्हते. खोरं टाकून धावत आले. माज्याकडं बघितलं. अनवाणी, घामानं न्हाल्यालो, गळ्यात बूट. डोक्याची टोपी काढून त्यांनी हळूच ईचारलं, "पावणं, कोन गेलं?"

आमच्या भागात मोठा माणूस रस्त्यानं पळतो तो मौतीचा सांगावा घेऊनच. दुसऱ्या कशाला पळतोय?

"कोनी गेलं न्हाई बाबा," मी म्हणलं. "एक जण आत हाय. त्याच्यासाठी पळतोय."

"आत म्हंजी?"

सांगितलं. बैल, टॉवेल, तुरुंग. पोटरी चोळत चोळत सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला.  मग टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"म्हंजी जित्ता हाय ना? मंग ऊठ की."

उठलो. पळायला पाय उचलला, उचलंना. पुन्हा उचलला. मांडीत सुरी फिरल्यावानी झालं. आन राव, मी चाललो. पळालो न्हाई, चाललो. मागं फटफटीचा आवाज येत व्हता. एक येळ वाटलं आता सदाशेठ भोंगा वाजवंल. त्यानं वाजवला न्हाई. गाडी बंद केली आन ढकलत ढकलत मागनं येऊ लागला.

त्या रस्त्यावर मी कोणाला हसवलं न्हाई. मनात येकच. बाजारात सगळ्यांनी बोटं दाबली ती पळायच्या अटीवर. मी चाललो म्हंजी सौदा मोडला. सौदा मोडला म्हंजी वकील न्हाई. वकील न्हाई म्हंजी तो आत. आन का? तर मासवडी लई चांगली झाल्ती म्हणून.

घोडेगाव

पोचलो तवा उन्हं डोंगराआड गेल्याली. मांडव सोडून ठेवल्याला, पुण्याची पोरं गाडीत बसून गेल्याली. हौसाबाई तेवढी बसली व्हती, ओट्यावर, पाय पोटाशी घेऊन. मला बघून उठली.

"आलात न्हवं," म्हणाली. येवढंच.

मी म्हणलं, "वैनी, मी चाललो. म्हाळुंग्यापासनं."

"मंग? मी कोर्टात चालतच जाती."

डोंगरात

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना हौसाबाईच्या वाडीत कागदांवर अंगठे घ्यायला जायचं व्हतं. माज्याच्यानं एष्टीत चढवंना, म्हणून जीपमधी मलाबी टाकलं. डिंभ्याच्या धरणाचं पाणी मागं टाकलं, रस्ता संपला, पुढं पायवाट. मी वकीलबाई आन हौसाबाईच्या मागं, खुरी लागलेल्या बैलावानी लंगडत.

आमचा मुलूख आन त्यांचा, तालुक्याला तालुका लागून, पण दुसरंच जग. आमच्याकडं बाजरी, त्यांच्याकडं भात आन नाचणी. आमच्याकडं बैल खिलार, उंच, पांढरा, मिरवायचा. त्यांच्याकडं डांगी, ठेंगणा, काळा-बांडा, पावसात दिवसदिवस उभा राहील. आमच्याकडं पावण्याला आधी बसा म्हणत्यात आन मग पाणी देत्यात. त्यांच्याकडं आधी पाय धुवायला पाणी. माज्या पायांचं पाणी लाल झालं. हौसाबाईच्या सासूनं ते बघितलं आन आतनं हळद आणली.

नाचणीची भाकर, कारळ्याची चटणी, मऊ भात. मी जपून खाल्लं, शिकलो व्हतो.

अंगणात एक खुंटा व्हता. मोकळा. पण त्याच्याभवती जमीन शेणानं सारवल्याली, ताजी. बैल तर पोलिसांनी नेला त्याला दोन वर्षं व्हत आल्याली.

"ह्यो कशाला सारवता?" मी ईचारलं.

"घरात माणूस न्हाई म्हनून घर सारवायचं सोडलंय व्हय?" हौसाबाई म्हणाली. मग माज्या खांद्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या त्या टॉवेलात किती जमलं?"

"ते सांगायचं नसतं वैनी. रीत न्हाई."

"व्हय. त्यांनीबी न्हाई सांगितलं. बैल घेऊन आले, मी ईचारलं कितीला, तर हसले. म्हनले, टॉवेलाखालचं असतंय." ती भाकर थापत व्हती, थापायची थांबली न्हाई. "मला सांगितलं असतं तर एक तरी साक्षीदार असता."

मी दलालीत लई शिव्या खाल्ल्यात. आई-बाप काढल्यालं ऐकलंय. पण ह्ये येवढं वाक्य लागलं तशी कुठली शिवी लागली न्हाई. वकीलबाईंनी माज्याकडं बघितलं न्हाई, ते बरं केलं.

पुन्हा बेल्हे

पुढच्या बाजाराला मी लंगडत गेलो. बैलाची खोड असंल तर दलालानं आधी सांगायची असती. लपवली तर पुन्हा त्याच्या टॉवेलाखाली कोणी हात घालत न्हाई. सगळे जमले तवा मोठ्यानं बोललो, "सौदा मोडला. मी म्हाळुंग्यापासनं चाललो."

 एकानं तर दिल्याला शब्द परत घ्यायला हात पुढंबी केला.

सदाशेठ तंबाखू मळत व्हता. "कोन चाललं?" म्हनला. "मी मागं व्हतो का तू? मला तर पळतानाच दिसला."

"अरं सदाशेठ..."

"गप. तुला पुढचंच दिसत व्हतं, मला पाय दिसत व्हते."

सदाशेठ खोटं बोलत न्हाई असं न्हाई. धंद्यात दिवसातनं धा येळा बोलतो. पण फुकट बोललेला मी पयल्यांदाच बघितला. पैसे दिले सगळ्यांनी.

वकील उभा राह्यला. लगेच काही झालं न्हाई. तारीख पडायची, पुढं जायची. पण केस चालली, त्या बैल इकणाऱ्याला उलटसुलट ईचारल्यावर तो अडखळला, आन भातकापणी झाल्यावर कोंडीबा सुटला. मला कळलं ते वकीलबाईंच्या निरोपानं. मी त्याला अजून बघितला नव्हता.

बघितला तो पुढच्या उन्हाळ्यात. बाजार भरल्याला. हौसाबाई पुढं, मागं एक वाळल्याला माणूस, चालता चालता मागं वळून बघणारा. भातखाचरात चिखलणीला बैल पायजे व्हता. माज्या दावणीजवळ येऊन ती म्हणाली, "ह्ये ते. पळालेले."

कोंडीबा माज्या पायांकडं बघत राह्यला. 

सदाशेठकडं एक डांगी आल्ता, ठेंगणा, पायाचा पक्का. कोंडीबानं त्याचे दात बघितले, पाठीवरनं हात फिरवला, जरा चालवून बघितला. हात चांगला चालत व्हता जनावरावर. पटला त्याला. मी सवयीनं खांद्यावरचा टॉवेल काढला, सदाशेठनं हात पुढं केला.

कोंडीबानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"पावणं, हात द्या," सदाशेठ म्हनला.

"न्हाई." आवाज निघालाच न्हाई, ओठ हलले. मग पुन्हा म्हनला, "उघड्यावर बोला."

आजूबाजूचे सौदे थांबले. "बाजाराची रीत हाय राव," कोणीतरी म्हनलं. "आजवर असं कोनी केलं न्हाई."

हौसाबाईनं माज्याकडं बघितलं. त्येच बघणं, नारायणगावच्या हॉलातलं. ह्यो चालंल का?

मी टॉवेल बैलाच्या पाठीवर टाकून दिला. आन कोंडीबाच्या बाजूनं आकडा तोंडानं बोललो. भर बाजारात, मोठ्यानं. माज्या बापाला ऐकू गेला असंल येवढ्या मोठ्यानं. आवाज चिरकला, दोन पोरं हसलीबी. सदाशेठ माज्याकडं बघतच राह्यला. मग त्यानं आपला आकडा सांगितला, त्योबी मोठ्यानं, आन काय सांगू, चार लोकांत बोलायचा म्हणल्यावर त्याला जास्ती सांगायची लाज वाटली. इतका वाजवी आकडा मी त्याच्या बोटांतनं कधी ऐकला नव्हता.

बाजाराच्या हाफिसात पावती केली. कोंडीबानं ती कारकुनाकडनं वाचून घेतली. मग अजून एकदा वाचून घेतली. घडी करून वरच्या खिशात घातली, गुंडी लावली.

माज्या ओळखीचा टेम्पो निघाला व्हता, जुन्नरपत्तुर रिकामा. मी म्हणलं, "बसा की. बैलबी चढंल. चालत गेलात तर दोन मुक्काम पडतील."

कोंडीबानं कासरा हातावर गुंडाळला.

"न्हाई भाऊ," म्हनला. "चालत नेतो. वाटंतल्या सगळ्यांना दिसू दे."